बौद्धिक दिव्यांग खेळाडूंच्या स्पर्धा : पालक आणि प्रशिक्षक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

स्पर्धेची तारीख जवळ आली की फोन आणि मेसेज सुरू होतात, आणि त्यातले बहुतेक प्रश्न मागच्याच वर्षीचे असतात. ते एका जागी असावेत म्हणून हे पान. बहुतेक उत्तरं स्पेशल ऑलिम्पिक्सच्या नियमांप्रमाणे दिली आहेत, कारण आपली बहुतांश मुलं-मुली तिथेच खेळतात. पॅरालिम्पिकचा रस्ता वेगळा आहे, तो प्रश्न १९ पासून पुढे. स्थानिक आयोजक काही बाबतींत जास्त कडक अटी लावू शकतात, म्हणून त्या त्या स्पर्धेचं माहितीपत्रक वाचण्याचा कंटाळा करू नका.

१. स्पेशल ऑलिम्पिक्स आणि पॅरालिम्पिक्स एकच ना?

नाही. स्पेशल ऑलिम्पिक्स ही फक्त बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठीची चळवळ आहे. युनिस केनेडी श्रायव्हर यांनी १९६२ मध्ये स्वतःच्या घराच्या आवारात अशा मुलांसाठी उन्हाळी शिबिर भरवलं. त्यातूनच पुढे २० जुलै १९६८ रोजी शिकागोच्या सोल्जर फील्डवर पहिले खेळ झाले. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने १९८८ मध्ये तिला मान्यता दिली. इथे नवशिक्यापासून पट्टीच्या खेळाडूपर्यंत सगळ्यांना जागा असते.

पॅरालिम्पिक्समध्ये शारीरिक, दृष्टीविषयक आणि बौद्धिक असे वेगवेगळे दिव्यांग खेळाडू उतरतात, पण तिथे जगातले अव्वल तेवढेच पोचतात. पात्रता वेळ गाठली नाही तर विषय संपला. या दोन्हींखेरीज व्हर्टस ही तिसरी संस्था आहे. बौद्धिक अक्षमता असलेल्या उच्च दर्जाच्या खेळाडूंच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा ती घेते. २०१९ पर्यंत ती आयनास या नावाने ओळखली जायची.

२. भाग घ्यायला नेमकं काय असावं लागतं?

तीनपैकी एक गोष्ट पुरते. एखाद्या अधिकृत संस्थेने किंवा तज्ज्ञाने बौद्धिक अक्षमता असल्याचं नोंदवलेलं असावं. किंवा बुद्ध्यांकासारख्या प्रमाणित चाचणीत आकलनाचा विकास मागे असल्याचं दिसलेलं असावं. किंवा जवळची विकासात्मक अक्षमता असावी, म्हणजे शिकण्याच्या सर्वसाधारण क्षमतेवर आणि रोजच्या व्यवहारातल्या कौशल्यांवर, दोन्हींवर मर्यादा असावी. ‘दोन्हींवर’ हा शब्द बारकाईने वाचा, पुढच्या प्रश्नांत तो पुन्हा लागणार आहे.

अक्षमता किती तीव्र यावर प्रवेश अडत नाही. सौम्य असो की तीव्र, सोय आहे (प्रश्न १६ पाहा).

३. मुलगी पाच वर्षांची आहे, आत्ता घालू का? आणि माझा भाऊ त्रेचाळीसचा आहे, त्याचं वय गेलं का?

स्पर्धेत उतरायला किमान ८ वर्षं पूर्ण लागतात. त्याआधी, २ ते ७ वर्षांच्या मुलांसाठी ‘यंग ॲथलीट्स’ हा खेळकर कार्यक्रम आहे : धावणं, झेलणं, तोल सांभाळणं, चेंडू लाथाडणं. त्यात स्पर्धा नसते. मुलीला तिथे जरूर घाला.

वरची वयोमर्यादा नाही. भावाचं वय गेलेलं नाही. तो ३० आणि त्यापुढच्या गटात खेळेल.

४. मुलाला ऑटिझम आहे, पण बुद्ध्यांक चांगला आहे. चालेल का? सेरेब्रल पाल्सी असेल तर?

निदानाच्या नावावरून काही ठरत नाही. ऑटिझम किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या बऱ्याच मुलांना बौद्धिक अक्षमताही असते. ती सगळी पात्र आहेत. पण बुद्धीचा विकास वयाप्रमाणे आहे आणि अडचण फक्त शरीराची, फक्त वर्तनाची किंवा फक्त वाचन-लेखनाची आहे, तर स्पेशल ऑलिम्पिक्समध्ये खेळाडू म्हणून नोंदणी होत नाही. अशा मुलाला युनिफाइड संघात ‘पार्टनर’ म्हणून खेळता येतं (प्रश्न १७). शिवाय व्हर्टसने ऑटिझम असलेल्या, पण बौद्धिक अक्षमता नसलेल्या खेळाडूंसाठी स्वतंत्र वर्ग सुरू केला आहे.

कागद ‘जमवून’ देणारे लोक भेटतात. त्यांच्या नादी लागू नका. कारण प्रश्न २० मध्ये आहे.

५. फी किती?

काहीच नाही. प्रशिक्षण किंवा स्पर्धेत भाग घेण्याची अट म्हणून खेळाडूकडून वा कुटुंबाकडून पैसे घ्यायचे नाहीत, हे स्पेशल ऑलिम्पिक्सचं मूळ तत्त्वच आहे. कोणी ‘प्रवेश शुल्क’ मागितलं तर लेखी पावती मागा आणि वरच्या कार्यालयात विचारा.

६. गट कसे पाडतात? माझी मुलगी नेहमी वेगळ्याच मुलींसोबत का पळते?

सगळ्या नियमांचं मूळ इथे आहे, म्हणून जरा सविस्तर.

गट तीन गोष्टींवर पाडतात, आणि त्याही याच क्रमाने : स्त्री-पुरुष, वय, क्षमता. वैयक्तिक खेळांत वयाचे टप्पे असे : ८ ते ११, १२ ते १५, १६ ते २१, २२ ते २९, आणि ३० व पुढे. सांघिक खेळांत १५ व त्याखालील, १६ ते २१, आणि २२ व पुढे. एका गटात कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ८ खेळाडू किंवा संघ असतात.

क्षमता ठरवायला आधी प्राथमिक फेरी होते. तिच्यातल्या वेळा किंवा अंतरं एका यादीत उतरवून ती यादी कापत जातात. कापताना अंदाज म्हणून १५ टक्क्यांची फूटपट्टी वापरतात : गटातल्या सर्वांत सरस आणि सर्वांत कमी कामगिरीत साधारण तेवढाच फरक असावा.

१६ ते २१ वयाच्या ११ मुली १०० मीटर पळाल्या असं धरा. वेळा सेकंदांत अशा : १६.०, १६.४, १७.१, १७.५, १८.२, १८.९, २०.३, २१.०, २१.६, २७.०, २९.५. पहिलीच्या १६.० मध्ये १५ टक्के मिळवले की १८.४ होतात. म्हणजे १८.२ पर्यंतच्या पाच जणी एका गटात. १८.९ पासून नवा गट सुरू, त्याची हद्द साधारण २१.७, म्हणजे त्यात चौघी. उरल्या दोघी, २७.० आणि २९.५ वाल्या. दोघींचा गट होत नाही, आणि त्यांना २१.६ वाल्या मुलीच्या गटात ढकलणं म्हणजे शर्यत सुरू होण्याआधीच निकाल लावणं. अशा वेळी आयोजक शेजारच्या वयोगटात पाहतात. तिथे २८.८ सेकंदांची कोणी असेल तर तिला या दोघींसोबत घेतात.

म्हणूनच तुमची मुलगी दर वेळी नव्या मुलींसोबत पळते. तिची वेळ सुधारली तर गटही बदलतो.

१५ टक्के हा मार्गदर्शक आकडा आहे, तो काटेकोर नियम नाही. खेळाडू कमी असले की तो ताणला जातो. त्यावरून पंचांशी हुज्जत घालून काही निघत नाही. सांघिक खेळांत वेळ मोजता येत नाही, तिथे छोटे निरीक्षण-सामने आणि कौशल्य चाचण्या घेऊन संघांची पातळी ठरवतात.

७. प्राथमिक फेरीत जरा हळू पळायला सांगितलं तर सोपा गट मिळेल ना?

मिळेल, आणि अंतिम फेरीत तो बाद होऊ शकेल. प्रत्येक फेरीत प्रामाणिकपणे आणि पूर्ण ताकदीने खेळणं बंधनकारक आहे. तसं न करणाऱ्याला स्पर्धेची नियम समिती बाद करू शकते. काही ठिकाणी यासाठी टक्केवारीची हद्दही ठेवतात : प्राथमिक फेरीपेक्षा अंतिम कामगिरी ठरावीक टक्क्यांहून जास्त सुधारली की चौकशी.

पण सुधारणा खरीही असते. पिस्तुलाच्या आवाजाने पहिल्या फेरीत दचकला, बुटाची लेस सुटली, सकाळच्या गोळीची गुंगी होती. अशा वेळी प्रशिक्षकाने अंतिम फेरीआधी आयोजकांना लेखी कळवावं की ही वेळ याची खरी क्षमता दाखवत नाही. बऱ्याच स्पर्धांत त्यासाठी छापील फॉर्म असतो. नंतर सांगून उपयोग नाही.

ही युक्ती मुलांच्या डोक्यातून कधीच निघत नाही, मोठ्यांच्या डोक्यातून निघते. आणि तिचा एक हमखास परिणाम असा की सकाळी ‘हळू पळ’ सांगितलेलं पोर दुपारच्या फायनललाही इमानेइतबारे हळूच पळतं.

८. गटात दोघेच उरले, किंवा एकटाच उरला, तर?

आधी शेजारचा वयोगट जोडून पाहतात. तरी भागलं नाही तर मुलगे-मुली एकत्र करतात. दोन्ही करूनही क्षमतेचा किंवा सुरक्षिततेचा प्रश्न राहिला तर लहान गटच ठेवतात. एकट्याने पळून मिळालेलं सुवर्णपदक पालकांना कधी कधी अवघड वाटतं. खेळाडूला ते कमीपणाचं वाटल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

९. सगळ्यांनाच मेडल देतात, मग ती स्पर्धा कसली?

सगळ्यांना मेडल देत नाहीत. प्रत्येक गटात पहिल्या तिघांना सुवर्ण, रौप्य, कांस्य, आणि चौथ्या ते आठव्या क्रमांकाला रिबन. बाद झालेल्याला किंवा शर्यत पूर्ण न केलेल्याला क्रमांक मिळत नाही, सहभागाची रिबन मिळते. गट लहान आणि बरोबरीचे असल्यामुळे मंचावर जास्त जण दिसतात, म्हणून हा समज.

स्पर्धा किती खरी असते ते पाहायचं असेल तर सर्वांत संथ गटाची ५० मीटर शर्यत शेवटच्या दहा मीटरवर उभं राहून बघा. तिथे दोघांमध्ये हाताच्या अंतराचा फरक असतो आणि दोघंही दात-ओठ खात असतात.

१०. मुलाने सुवर्ण जिंकलं, तरी पुढच्या पातळीवर दुसराच गेला. वशिला लागला का?

बहुधा चिठ्ठी लागली. वरच्या पातळीसाठी जागा मर्यादित असतात. आधी सर्व गटांतले पहिले क्रमांक पात्र धरतात, आणि ते जागांपेक्षा जास्त झाले तर सोडत काढतात. १४ सेकंदांत सुवर्ण जिंकणारा आणि ४० सेकंदांत सुवर्ण जिंकणारा, दोघांच्या चिठ्ठ्या एकाच डब्यात जातात. सर्वांत वेगवान मुलगा निवडायचा हा हेतूच नाही.

अर्थात काही रास्त कारणांनी नाव गळू शकतं : पुरेसा सराव झालेला नाही (साधारण आठ आठवड्यांच्या प्रशिक्षणाची अपेक्षा असते), वैद्यकीय अडचण आहे, किंवा घराबाहेर राहण्याची तयारी नाही. सोडत तुमच्यासमोर काढावी अशी मागणी करायला हरकत नाही. मला तर वाटतं प्रत्येक आयोजकाने ती सर्वांसमोरच काढावी. निम्मी भांडणं तिथेच मिटतील.

११. खेळाचे नियम सोपे केलेले असतात का?

पाया त्या त्या खेळाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचे नियमच असतात. स्पेशल ऑलिम्पिक्सचा वेगळा नियम असेल तिथे तो चालतो. बदल थोडे असले तरी विचारपूर्वक केलेले आहेत.

बास्केटबॉलमध्ये खेळाडूने चेंडू घेऊन दोन पावलं जास्त टाकली तर पंच सोडून देऊ शकतात. पण त्या जादा पावलांमुळे बास्केट झालं किंवा बचावपटूला चकवता आलं तर ती चूक धरली जाते. व्हॉलीबॉलमध्ये सर्व्हिसची जागा जाळ्याच्या जवळ आणता येते, पण ४.५ मीटरपेक्षा जवळ नाही. लांब उडीला धावत यायचं असेल तर खेळाडू किमान १ मीटर उडी मारणारा असावा, नाहीतर फळी आणि वाळू यांच्यामधल्या कडक जमिनीवर आदळेल. ज्याला तेवढं जमत नाही त्याच्यासाठी जागेवरून लांब उडी आहे. उंच उडीची पट्टीही १ मीटरच्या खाली लावत नाहीत.

पोहण्यात तर पायरी-पायरीने शर्यती आहेत. १५ मीटर पाण्यात चालण्याची शर्यत असते. पाणी १ मीटरहून खोल नसतं आणि एक पाऊल कायम तळाला टेकलेलं लागतं. तरंगण्याचं साधन लावून १५ आणि २५ मीटर पोहता येतं. ते साधन खेळाडूने स्वतः आणायचं आणि अंगाभोवती बांधलेलंच हवं, म्हणजे हात सुटला तरी तोंड पाण्याबाहेर राहील. दंडाला लावायचे फुगे आणि टायरची ट्यूब चालत नाही. दर स्पर्धेत कोणीतरी तेच घेऊन येतं आणि काठावर रडारड होते.

१२. मुलाला भालाफेक आवडते, पण प्रवेशिकेत तो प्रकार नाही. का?

धोका जास्त म्हणून काही खेळ आणि प्रकार स्पेशल ऑलिम्पिक्समध्ये घेतच नाहीत : भालाफेक, थाळीफेक, हातोडाफेक, पोल व्हॉल्ट, मुष्टियुद्ध, कुस्ती, तलवारबाजी, नेमबाजी. मार्शल आर्टमध्ये ज्युदोला परवानगी आहे. भाल्याऐवजी ‘मिनी जॅव्हलिन’ नावाचा छोटा, बोथट टोकाचा प्रकार आहे. तो तुमच्याकडे घेतात का ते विचारा. नाहीतर गोळाफेक आहेच.

१३. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलीला मानेचा एक्स-रे काढायला सांगितला. जरूर आहे का?

डाउन सिंड्रोममध्ये सांध्यांचे बंध सैल असतात. मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमधले बंध सैल असले तर मान जोरात वाकल्यावर मणका सरकून मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो. सगळ्यांना हा त्रास नसतो, पण ज्यांना असतो त्यांच्यासाठी एक कोलांटउडी पुरते.

पूर्वी एक्स-रे सरसकट बंधनकारक होता. आता भर लक्षणांवर आहे, कारण एक्स-रे चांगला दिसूनही त्रास असू शकतो आणि उलटही होतं. डॉक्टरांनी तपासणीत ही लक्षणं विचारलीच पाहिजेत : मान दुखणं किंवा एका बाजूला कलणं, चालण्यात नव्याने बदल, हातापायांतलं बळ कमी होणं, मुंग्या, ताठरपणा, आणि आधी ताबा असलेली लघवी किंवा शौच कपड्यात होऊ लागणं. शेवटचं लक्षण घरात ‘हट्टीपणा’ म्हणून दुर्लक्षित होतं. तसं करू नका.

यातलं काही असेल तर खेळ थांबवून मेंदू-मज्जारज्जूच्या तज्ज्ञांना दाखवायचं. त्यांनी लेखी परवानगी दिली आणि धोका समजून घेऊन पालकांनी किंवा खेळाडूने संमती दिली तरच पुढे जाता येतं. मानेवर ताण आणणारे प्रकार ठरलेले आहेत : बटरफ्लाय, पाण्यात सूर मारून सुरुवात, डायव्हिंग, पेंटॅथलॉन, उंच उडी, वजन खांद्यावर घेऊन उठाबशा, घोडेस्वारी, जिम्नॅस्टिक्स, फुटबॉल, अल्पाइन स्कीइंग. आणि वॉर्म-अपमध्ये डोकं-मानेवर भार देणारा कोणताही व्यायाम. प्रवेशिका तपासताना सगळे खेळ बघतात, वॉर्म-अप कोणी बघत नाही. तो प्रशिक्षकाने बघायचा.

१४. फिट्स येतात. घेतील का? आणि खेळताना डोक्याला मार लागला तर?

औषधाने फिट्स आटोक्यात असतील तर बहुतेक खेळ खेळता येतात. वैद्यकीय फॉर्मवर ते लपवू नका. शेवटची फिट कधी आली, कशी येते, औषधाची वेळ कोणती, हे प्रशिक्षकाकडे लिहून द्या. पोहताना अशा खेळाडूवर स्वतंत्र नजर असायलाच हवी.

डोक्याला मार लागून कन्कशनचा, म्हणजे मेंदूला हादरा बसल्याचा, संशय आला तर त्या दिवशीचा खेळ तिथेच संपतो, सामना फायनलचा असला तरी. परत यायला किमान सलग ७ दिवस आणि डॉक्टरांचं लेखी पत्र, दोन्ही लागतात. आपल्या मुलांना ‘गरगरतंय’ किंवा ‘डोळ्यांपुढे दोन दिसतात’ हे सांगता येतंच असं नाही. वागण्यात फरक दिसला की तेवढं पुरेसं समजा.

१५. त्याला एकट्याने पळायची सवय नाही. मी बाजूने पळत गेले तर चालेल?

नाही. खेळाडू स्वयंसेवकांच्या ताब्यात दिल्यापासून शर्यत संपेपर्यंत पालक आणि प्रशिक्षक मैदानाबाहेर. बाजूने पळणं, हात धरणं, ओढणं, लेनच्या टोकाला उभं राहून खाऊ दाखवणं, या सगळ्याला मदत म्हणतात आणि त्यात खेळाडू बाद होतो. प्रेक्षकांतून हवं तेवढं ओरडा.

अपवाद ज्यांना दुसरीही अक्षमता आहे त्यांचा. दृष्टी नसलेल्यांसाठी दोरी, आवाज देणारी व्यक्ती किंवा सोबतचा धावपटू चालतो, मात्र सोबत्याने पुढे जाऊन ओढायचं नाही. ऐकू न येणाऱ्याला सुरुवातीचा इशारा स्पर्शाने किंवा झेंड्याने देतात. हे सगळं प्रवेशिकेतच नमूद करा. स्टार्टरसमोर उभं राहून सांगायची ही गोष्ट नाही.

१६. तिला स्पर्धाच झेपत नाही. तिच्यासाठी काही आहे का?

आहे, पण आधी तपासून पाहा : २५ आणि ५० मीटर चालणं, टेनिस बॉल फेकणं, व्हीलचेअरच्या छोट्या शर्यती, बास्केटबॉलमधल्या फक्त ड्रिबलिंग-पासिंग-शूटिंगच्या वैयक्तिक कौशल्य चाचण्या. यांतलं काही जमू शकतं. कौशल्य चाचणीत उतरलेल्याला त्याच स्पर्धेत संघातून खेळता येत नाही.

तेही झेपत नसेल तर ‘मोटर ॲक्टिव्हिटी ट्रेनिंग’ हा कार्यक्रम तीव्र अक्षमता असलेल्यांसाठीच आहे. तिथे दुसऱ्याशी तुलना नाही. चेंडू पकडणं, सोडणं, एका जागेहून दुसऱ्या जागी सरकणं अशा हालचालींचा सराव करून त्या सर्वांसमोर करून दाखवायच्या असतात.

१७. युनिफाइड म्हणजे काय?

बौद्धिक अक्षमता असलेले खेळाडू आणि नसलेले ‘पार्टनर’ यांचा एकच संघ. संघात दोघांची संख्या जवळपास सारखी, आणि मैदानावरचं प्रमाण नियमाने बांधलेलं. बास्केटबॉलमध्ये ३ खेळाडू, २ पार्टनर. व्हॉलीबॉलमध्ये ३ आणि ३. फुटबॉलमध्ये पाच जणांच्या संघात ३ व २, सात जणांच्या संघात ४ व ३, अकरा जणांच्या संघात ६ व ५. पार्टनर कधीही जास्त नकोत. सांघिक युनिफाइड खेळात प्रशिक्षक स्वतः खेळत नाही, तो बाहेरच बसतो.

१८. आमचा पार्टनर कॉलेजच्या संघातला आहे. सगळे गोल तोच करतो. नियमात बसतं का?

संख्येच्या नियमात बसतं, युनिफाइडच्या नियमात बसत नाही. स्पर्धात्मक युनिफाइडमध्ये खेळाडू आणि पार्टनर वयाने आणि कौशल्याने जवळपासचे असावे लागतात. एकाच माणसाने सामना ताब्यात घेतला तर आयोजक संघाला समज देतात, आणि पुढे कारवाईही होऊ शकते.

उपाय प्रशिक्षकाच्या हातात असतो. फार सरस पार्टनर मिळाला असेल तर त्याला खेळाडू-विकास प्रकारात वापरा. तिथे कौशल्यातला फरक मान्य आहे आणि त्याचं काम सोबत्याला शिकवणं हेच असतं. ‘गोल करायचा नाही, पास द्यायचा’ अशी पार्टनरला ताकीद देऊन स्पर्धात्मक प्रकारात उतरवणारे प्रशिक्षक आहेत. मला तेही पटत नाही. लटकं खेळणं समोरच्या खेळाडूंच्या लगेच लक्षात येतं.

१९. मुलगा खूप वेगवान आहे. पॅरालिम्पिकला जायचं तर काय लागतं?

तिथे कागदपत्रं फार कडक असतात. बुद्ध्यांक ७५ किंवा त्याखाली, रोजच्या व्यवहारातल्या कौशल्यांवर ठळक मर्यादा, आणि ही अक्षमता वाढीच्या वयातच दिसलेली. तिन्ही गोष्टींचे मान्यताप्राप्त मानसशास्त्रज्ञाचे अहवाल व्हर्टसकडे जातात. ते मान्य झाल्यावर खेळानुसार वर्गीकरण होतं. त्यात आकलनाच्या चाचण्या घेतात आणि प्रत्यक्ष मैदानावरचं निरीक्षण करतात. अक्षमतेचा त्या खेळातल्या कामगिरीवर खरोखर परिणाम होतो का, हे तिथे पाहतात.

खेळ तीनच आहेत : ॲथलेटिक्स (टी२० आणि एफ२० वर्ग), पोहणं (एस१४) आणि टेबल टेनिस (वर्ग ११). ॲथलेटिक्समध्येही ४०० मीटर, १५०० मीटर, लांब उडी आणि गोळाफेक एवढेच प्रकार. म्हणजे तुमचा मुलगा १०० मीटरचा असेल तर त्याला ४०० ला वळवावं लागेल. भारताच्या दीप्ती जीवनजीने २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवलं ते याच टी२० वर्गाच्या ४०० मीटरमध्ये. डाउन सिंड्रोमसाठी पॅरालिम्पिकमध्ये वेगळा वर्ग नाही. व्हर्टसच्या स्पर्धांत मात्र आहे.

२०. एवढी तपासणी कशाला? आमच्यावर विश्वास नाही का?

२००० च्या सिडनी पॅरालिम्पिकनंतर तो कोणावरच उरला नाही. बास्केटबॉलचं सुवर्ण जिंकणाऱ्या स्पेनच्या संघातल्या १२ पैकी १० खेळाडूंना बौद्धिक अक्षमता नव्हतीच. संघात शिरलेल्या एका पत्रकारानेच ते उघड केलं. त्यांच्या चाचण्या झालेल्याच नव्हत्या. पदकं परत घेतली गेली, आणि बौद्धिक अक्षमतेचे सगळे प्रकारच पॅरालिम्पिकमधून स्थगित झाले. २००४ च्या अथेन्स आणि २००८ च्या बीजिंग पॅरालिम्पिकमध्ये या खेळाडूंसाठी पदकांची एकही स्पर्धा नव्हती. नव्या वर्गीकरण पद्धतीसह ते २०१२ मध्ये लंडनला परतले, तेही वर सांगितलेल्या तीन खेळांतच. बास्केटबॉल अजून परतलेलं नाही.

काही मोठ्या माणसांच्या लबाडीपायी जगभरच्या खऱ्या खेळाडूंची उमेदीची वर्षं गेली. खोटे दाखले ‘कोणाचं काय बिघडतं’ म्हणत दिले जातात, तेव्हा मला हेच आठवतं.

२१. स्पेशल ऑलिम्पिक्स आणि पॅरा स्पर्धा, दोन्हीकडे खेळता येतं का?

पात्रता दोन्हीकडची असेल तर येतं. पण एकीकडची नोंदणी दुसरीकडे चालत नाही, आणि गटांची पद्धतही वेगळी. पॅरामध्ये वर्गातले सगळे एकत्र पळतात, प्रश्न ६ मधल्यासारखे क्षमतेचे गट नसतात. आजवर सुवर्णच मिळवत आलेल्या मुलाला तिथे एकदम अकरावा क्रमांक दिसू शकतो. त्याची तयारी सरावाइतकीच करून घ्या.

२२. पंचांचा निर्णय चुकीचा वाटला. तक्रार कुठे करायची?

मुख्य प्रशिक्षकाने, लेखी, त्या स्पर्धेने ठरवून दिलेल्या वेळेत. पालकांची तक्रार थेट घेत नाहीत. तक्रारीत कोणता नियम मोडला हे लिहावं लागतं. ‘त्याचा पाय रेषेला लागला नव्हता’ हा पंचाच्या नजरेचा प्रश्न आहे, त्यावर दाद नाही. ‘युनिफाइड बास्केटबॉल संघात मैदानावर तीन पार्टनर होते’ हा नियमभंग आहे, त्यावर आहे.

२३. मुलगा पहिला होता. शेवटच्या वीस मीटरवर त्याला मी दिसले आणि तो ट्रॅक सोडून माझ्याकडे आला. त्याला परत पळू देता येईल का?

नाही. शर्यत पूर्ण झाली नाही, म्हणून क्रमांक नाही, सहभागाची रिबन मिळेल. बाहेरून अडथळा आला असता, म्हणजे कोणी ट्रॅकवर आलं असतं किंवा शेजारच्या धावपटूने धक्का दिला असता, तर पंच पुन्हा पळवण्याचा विचार करू शकले असते. आई दिसणं हा अडथळा धरत नाहीत.

पुढच्या वेळी प्रेक्षकांत मध्यावर बसू नका. त्याच्या लेनच्या सरळ रेषेत, अंतिम रेषेच्या बऱ्याच मागे, आयोजक परवानगी देतील तिथे उभ्या राहा, आणि सरावाच्या वेळीही तिथेच उभं राहायची सवय ठेवा.